उरलेले पुढच्या फेरीला

सुवान्तोचा ओन्नी हा जगातला एकुलता एक मुका न्हावी असावा. मुका म्हणजे तसा मुका नव्हे. जीभ होती, दातही बरेचसे शाबूत होते, पण त्यांचा उपयोग तो खाण्यापलीकडे करत नसे. आता न्हावी म्हटला की चार घरच्या चार गोष्टी त्याच्या कात्रीबरोबर चालायच्याच. आणि ओन्नीच्या कात्रीखाली तर दोनशे मैलांच्या किनाऱ्यावरची यच्चयावत डोकी येत. कुणाचं कुणाशी फाटलं, कुणाच्या होडीत कुणाची चप्पल सापडली, सगळं त्याच्या कानावर पडे आणि तिथंच विरघळे. त्याच्या शेजारच्या लेम्पीला या गोष्टीचा इतका ताप होई, की तो फेरीवरून परतला की ती गरम पाव घेऊन त्याच्या दारात उभी राही.

"काय मग ओन्नी, काय म्हणतोय किनारा?"

"ओला आहे," ओन्नी म्हणे, आणि पाव घेऊन दार लावी.

किनारा ओला असायचाच. आमच्याकडे पाऊस पडतो असं कुणी म्हणत नाही. पाऊस असतो, जसा समुद्र असतो तसा. ज्या दिवशी नसतो त्या दिवशी माणसं बिचकून बाहेर येतात आणि आभाळाकडे बघत राहतात, काही बिघडलं की काय म्हणून. अशा पावसातून ओन्नी एकतीस वर्षं 'लोक्की' नावाची बत्तीस फुटी होडी घेऊन हिंडला. लाकडी होडी, पूर्वी मासे वाहणारी. इंजिनाला नळकांडं एकच, त्यामुळे ती टुक्... टुक्... अशी सावकाश बोलत जाई. दोन टुकांच्या मध्ये माणसाला शिंक देऊन होई. मासे ठेवायच्या जागेत ओन्नीनं न्हाव्याची खुर्ची स्क्रूनं पक्की केली होती. वर काचेचं झाकण, बाजूला लहानशी शेगडी. केस कापून घेतलेला माणूस पुढचे दोन दिवस सुक्या मासळीसारखा वास मारी, पण किनाऱ्यावर सगळेच तसा वास मारत असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नसे.

त्याची एक फेरी पाच आठवड्यांची. लाकूडतोड्यांच्या छावण्या, दोन दीपगृहं, ओंडक्यांच्या तराफ्यांवर बांधलेली तरंगती घरं, आणि शेवटी कोपराच्या खाडीतला मासे डबाबंद करायचा जुना कारखाना. सुवान्तोच्या बेटावरचे आमचे आजे-पणजे फिनलंडहून आले तेव्हा त्यांनी भाषा, सौना म्हणजे वाफेची न्हाणी, आणि हट्ट या तीन गोष्टी बरोबर आणल्या. ओन्नीकडे तिन्ही होत्या, त्यातली भाषा तेवढी तो जपून वापरी.

एक वाक्य मात्र त्याचं साऱ्या किनाऱ्याला पाठ होतं. या किनाऱ्यावर भिंतीवरचं घड्याळ शोभेला असतं. खरं घड्याळ पाण्यात. कित्येक खाड्यांच्या तोंडाशी चिखलाचा आणि वाळूचा उंबरठा असतो. भरतीला त्यावरून होडी आत येते, आणि पाणी उलटल्यावर वेळेत निघाली नाही तर आतच राहते. तेव्हा पाणी उतरायला लागलं, की ओन्नी हातातली कात्री जिथल्या तिथं थांबवी, गळ्याभोवतीचं कापड काढून झटकी आणि म्हणे, "उरलेले पुढच्या फेरीला." समोरच्याचं डोकं एका बाजूनं कापलेलं आणि दुसऱ्या बाजूनं रान, तरी हाच न्याय. डंकन नावाचा छावणीचा मुकादम एकदा पाच आठवडे एकाच कल्ल्यानिशी हिंडला. एका लाकूडतोड्यानं तर अर्ध्या डोक्यानं लग्न लावलं. फोटोत तो जन्मभर एका बाजूनंच उभा आहे. पण ओन्नीवर कुणी रागावत नसे. ओहोटीवर काय रागावणार?

किनाऱ्यावर एकच डोकं असं होतं की जे कधी अर्धं राहिलं नाही. ते विएनोचं.

विएनो कोपराच्या खाडीतली राखणदारीण. कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण मालकांना आशा सुटत नव्हती, म्हणून त्यांनी तिथं एक माणूस ठेवला होता. तो माणूस म्हणजे विएनोचा नवरा आर्मास. आर्मास वारला तेव्हा मालकांनी विचारलं, आता कोण? विएनो म्हणाली, आता मी. छपरावरचा बर्फ ओढायचा, उंदरांशी वैर धरायचं, धक्क्याचे खांब तपासायचे, हे सगळं ती आधीपासूनच करत होती. आर्मास पगार घेत होता एवढंच.

तिच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी एक कॅलेंडर असे. त्यावर रोजच्या चौकोनात ती पेन्सिलीनं दिवसाच्या भरतीची वेळ लिही. छापील पुस्तकात वेळा असतात, पण त्या मोठ्या बंदराच्या. खाडीत पाणी किती मागाहून येतं ते मिळवावं लागतं. शिवाय पुस्तक हिवाळी वेळेनं छापलेलं, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं पुढे केली की आणखी एक तास मिळवायचा, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे आली की मिळवायचं बंद करायचं. या एका तासानं किनाऱ्यावरच्या भल्याभल्यांना चिखलात बसवलेलं आहे. विएनोचा आकडा मात्र काळ्या दगडावरची रेघ. खाडीत शिरणारी प्रत्येक होडी आधी तिचं कॅलेंडर विचारी.

तर या विएनोचे केस ओन्नी अकरा वर्षं कापत होता. आणि होडीतल्या खुर्चीत नव्हे हं, तिच्या स्वयंपाकघरात, चुलीजवळ. तिच्याकडे जायचं म्हणजे भरतीच्या दोन तास आधीच उंबरठा ओलांडायचा, हा त्याचा नेम. बाकी किनाऱ्याला वीस मिनिटं, विएनोला तीन तास. केस किती, तर खांद्यापर्यंत! आम्ही सुवान्तोत बसून हिशेब करायचो की एवढ्या वेळात तो तिथं नक्की काय कापतो.

दुसरा पुरावा ओन्नीच्या घरामागे होता. त्याच्या सौनाचं छप्पर गळायचं. आत वाफ, वरून थेंब, आणि खाली ओन्नी टोपी घालून बसलेला. सहा वर्षांपूर्वी त्यानं छपरासाठी बारा पत्रे आणले आणि शेडच्या मागे रचून ठेवले. ते तसेच. पत्र्यांवर शेवाळ चढलं, शेवाळावर गोगलगाई आल्या.

"अरे, पत्रे आणलेस ते काय चाटायला?" लेम्पीनं विचारलं होतं.

"एकट्याला गळतं चालतं," ओन्नी म्हणाला.

लेम्पी घरी आली ती थेट रेडिओवर. आमच्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात खिडकीशी रेडिओ असतो, होड्यांशी बोलायला. निदान कारण तरी तेच सांगतात. तासाभरात साऱ्या किनाऱ्याला पत्र्यांचा अर्थ कळला. कळला नाही तो विएनोला विचारायचा मुहूर्त. सहा वर्षं घोंगडं भिजत पडलं, आणि आमच्या हवेत भिजलेलं घोंगडं वाळत नाही.

अशात त्या वर्षीच्या सप्टेंबरात बातमी आली. मालकांची आशा अखेर सुटली. कारखाना पाडायचा, राखणीची गरज नाही, ऑक्टोबर संपला की घर रिकामं करा. विएनोची लेक इर्या शहरात सहाव्या मजल्यावर राही. तिनं आईसाठी खोली तयार ठेवली होती. खिडकीतून पाणी दिसतं म्हणे, दोन इमारतींच्या फटीतून, उभं राहिलं तर. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी जी आगबोट दक्षिणेला जाते, तिच्यावर विएनोची जागा ठरली. आणि ओन्नीची फेरी कोपराच्या खाडीत पोचत होती त्याच आठवड्याच्या सोमवारी.

म्हणजे बघा, अकरा वर्षं हातात होती आणि आता एक दुपार उरली.

ओन्नी निघाला त्या दिवशी लेम्पी धक्क्यावर उभीच होती. "या वेळी तरी तोंड उघडशील का रे ठोंब्या?"

"हं."

"हं म्हणजे काय? हो की नाही?"

"हं म्हणजे ऐकलं," ओन्नी म्हणाला आणि दोर सोडला.

आता पुढचं जे आहे ते आम्ही पाहिलं नाही. पण विएनोनं ते लेम्पीला सौनात बसून इतक्या वेळा सांगितलंय, आणि दर वेळी थोडी भर घालून सांगितलंय, की पाहिल्यापेक्षा ते चांगलं माहीत आहे.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास 'लोक्की' टुक्... टुक्... करत खाडीत शिरली. पाऊस उभा, वारा नाही, डोंगर कमरेपर्यंतच दिसत होते. आदल्या दिवशी घड्याळं मागे आली होती. ओन्नीनं होडी धक्क्याला बांधली, पिशवी घेतली आणि पायऱ्या चढला. स्वयंपाकघरात ट्रंका बांधून ठेवलेल्या. भिंतीवर जिथं भांडी टांगलेली असत तिथं नुसते खिळे. राहिलं होतं काय, तर चूल, कॉफीची किटली, एक खुर्ची आणि कॅलेंडर.

"ये. पाय पूस," विएनो म्हणाली. "पुसून उपयोग काही नाही म्हणा, घर पाडणारच आहेत. तरी पूस."

ओन्नीनं पुसले. तिनं वेलदोड्याचा पाव कापला, कॉफी ओतली. ओन्नीनं साखरेचा खडा दातांत धरला, कॉफी बशीत ओतली आणि खड्यातून फुर्र करून ओढली. दुसरी बशी. तिसरी.

"इर्या म्हणते, तिकडे बशीत ओतून प्यायची नाही," विएनो म्हणाली. "लोक हसतात."

ओन्नीनं बशीकडे पाहिलं. "मग गार कशी करतात?"

"वाट बघतात. तुझ्यासारखी."

ओन्नीनं हे ऐकलं की नाही कळायला मार्ग नव्हता, कारण तो कापड झटकत होता. ती खुर्चीत बसली. त्यानं कापड बांधलं, फणी ओली केली, आणि नेहमीचा प्रश्न विचारला. "पाणी कधी उलटतंय?"

"बाराच्या वर चाळीस मिनिटांनी," विएनो म्हणाली. कॅलेंडरकडे तिनं मान वळवली नाही.

म्हणजे जपून धरलं तरी दीडपर्यंत उंबरठ्यावर होडी निघण्याइतकं पाणी राहणार होतं. ओन्नीनं मान डोलावली आणि कात्री उचलली.

त्या दिवशी त्यानं जी कात्री चालवली तिला कापणं म्हणणं जिवावर येतं. एक बट उचलायची, उजेडात धरायची, तिच्याकडे बघत राहायचं, टोकाचं तिळाएवढं छाटायचं, पुन्हा जागेवर ठेवायची. अशानं उजवी बाजू व्हायलाच एक वाजला.

"शहरात न्हावी बोलके असतात म्हणे," विएनो म्हणाली.

"असतील."

"आधी केस धुऊनसुद्धा देतात."

"इथं पाऊस देतोच."

"आणि दर वेळी निराळा माणूस. कुणाच्या डोक्याला कुणाचा हात, कोण लक्षात ठेवणार?"

ओन्नीची कात्री थांबली. विएनो सांगते की त्याचा श्वास तिला मानेवर लागला. आत घेतलेला, बोलण्याच्या आधी माणूस घेतो तसा. तिनं डोळे मिटले. चुलीत लाकूड फुटलं. आणि त्याच क्षणी ओन्नीची नजर घड्याळाकडे गेली. दीडला पाच कमी. एकतीस वर्षांची सवय; हात आपोआप चालला. त्यानं कापड सोडलं, झटकलं, आणि तोंडातून वाक्य बाहेर पडलं.

"उरलेले पुढच्या फेरीला."

विएनो वळली. डोक्याची उजवी बाजू नीटनेटकी, डावी खांद्यावर लोंबतेय.

"कुठल्या फेरीला रे?" तिनं विचारलं.

ओन्नी पिशवीकडे बघत राहिला. "नाही, म्हणजे... ते सवयीनं..."

"हं. सवयीनं."

आता कुणीही शहाण्या माणसानं तिथं पिशवी खालीच ठेवली असती. ओन्नीनं उचलली. घाबरलेला माणूस सवयीच्या आडोशाला जातो, तसा तो पायऱ्या उतरून थेट होडीवर गेला. दोर सोडायला त्याला बराच वेळ लागला, असं विएनोनं खिडकीतून पाहिलं. मग टुक्... टुक्... करत 'लोक्की' खाडीच्या तोंडाकडे निघाली. दोनशे हात गेली. आणि उंबरठ्यावर, ऐन मध्यावर, बाळंतीण पाटावर बसावी तशी अलगद बसली.

ओन्नीनं इंजिन उलटं घेतलं. चिखल ढवळला. होडी ढिम्म. आजूबाजूचं पाणी मात्र झुळझुळ बाहेर चाललेलं, अगदी मजेत. रात्रीची भरती त्या दिवसांत लहान असते. म्हणजे उद्या दुपारपर्यंत निश्चिंती.

होडी चिखलात बसणं ही आमच्याकडे मरणापेक्षा मोठी गोष्ट आहे, कारण मेलेल्या माणसाला लोक हसत नाहीत. म्हणून त्यावर एक जुना तोडगा आहे. कुणी बघायच्या आत रबरी बूट चढवायचे, दांड्याचा ब्रश घ्यायचा, खाली उतरायचं आणि होडीचा तळ घासायला लागायचं. जणू त्यासाठीच आणून बसवली होती. कुणीही यावर विश्वास ठेवत नाही, पण सगळे ठेवल्यासारखं करतात, कारण उद्या आपल्यावरही तीच पाळी.

ओन्नी बूट चढवत होता तेवढ्यात रेडिओ खरखरला. छावणीवरून डंकन.

"ओन्नी, कुठं आहेस? इथं उद्या सकाळी तुझ्या परतीच्या वाटेवर अकरा डोकी तयार बसवतोय."

ओन्नीनं घसा साफ केला. "उशीर होईल. तळ घासतोय."

सारा किनारा कान देऊन होता. मग लेम्पीचा आवाज आला, लोणी लावलेला. "तळ? ऑक्टोबर संपताना?"

"हो."

"पावसात?"

"हो."

"कोपराच्या खाडीत? विएनोच्या दारात?"

"फार शेवाळ झालंय," ओन्नी म्हणाला.

"सावकाश घास हो," दीपगृहावरचा म्हातारा हार्वी मध्येच म्हणाला. "घाई करू नकोस. आम्ही सगळे जागे आहोत."

मग कोण खोकलं, कोण हसलं, कुणी भांडं वाजवलं. एकतीस वर्षांत ओन्नीनं पहिल्यांदा रेडिओ बंद केला.

पाणी गेलं. चिखल उघडा पडला, त्यावर बगळे उतरले. 'लोक्की' एका कुशीवर कलली. ओन्नी खाली उतरून घासू लागला. शेवाळ खरंच होतं, ही त्यातल्या त्यात अब्रू. खरड, खरड, खरड. असा पाव तास गेला असेल. मग पलीकडून दुसरा आवाज येऊ लागला. खरड, खरड.

ओन्नी थांबला. पलीकडचा आवाज थांबला नाही. त्यानं वाकून होडीच्या पुढच्या टोकाखालच्या फटीतून पाहिलं तर दोन हिरवे बूट. आर्मासचे, विएनो वापरायची ते.

"काय करताय?" ओन्नीनं विचारलं.

"तळ घासतेय," विएनो म्हणाली. "रेडिओवर ऐकलं, आज इथं तळ घासतात म्हणून."

दोघं घासू लागले. मध्ये होडी. तो इकडे, ती तिकडे, तोंडं दिसत नाहीत. विएनो म्हणते, हीच खरी गंमत झाली. खुर्चीत असतानाही तो मागेच असे, पण तिथं निदान मान तरी दिसायची.

"एकशे नऊ वेळा कापलेस तू माझे केस," ती होडीपलीकडून म्हणाली. "मी मोजलेत. ओन्नी, मी काय मेंढी आहे? लोकर वाढली की माणूस येतो, कातरतो, जातो. मेंढीलासुद्धा लोक मधूनमधून काही बोलतात."

खरड, खरड.

"आणि आज तर अर्धीच कातरलीस. आता हे असं डोकं घेऊन मी इर्याच्या सहाव्या मजल्यावर जाऊ?"

ओन्नीचा ब्रश थांबला. एक बगळा उडाला, दुसरा त्याच्या जागी आला.

"माझ्या सौनाचं छप्पर गळतं," ओन्नी म्हणाला.

"माहीत आहे. साऱ्या किनाऱ्याला माहीत आहे."

"टोपी घालून बसावं लागतं."

"तेही माहीत आहे."

"पत्रे आणून ठेवलेत. बारा." ओन्नीनं श्वास घेतला. "एकट्याला आठ पुरले असते. बाक रुंद करायचा म्हणून बारा आणले. दोघांना बसता येईल असा. सहा वर्षं झाली."

पलीकडचा ब्रशही थांबला. मग विएनोचा आवाज आला, जरा बारीक. "सहा वर्षं. मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही दर वेळी इतक्या स्वस्थ बसायच्या. वाटलं, हललात तर कात्री लागेल."

यावर विएनो हसली. इतकी हसली की चिखलात तिचा पाय रुतला आणि बूट निघेना. ओन्नीला होडीला वळसा घालून जावं लागलं. त्यानं तिला एका हातानं धरलं, दुसऱ्यानं बूट उपसला. डोक्यावरचा रुमाल सुटलेला, एक बाजू नीट, एक बाजू रान, तोंडभर चिखलाचे शिंतोडे.

"आता दोर बांधून ठेवणार आहेस का मला, की सोडतोस?" ती म्हणाली.

ओन्नीनं सोडलं नाही. मग म्हणाला, "वर या. उरलेले कापतो."

होडीतल्या खुर्चीत विएनो त्या दिवशी पहिल्यांदा बसली. होडी कललेली, खुर्ची कललेली, शेगडीवरची किटली दोरीनं बांधलेली, आणि ओन्नी एक पाय भिंतीला टेकून कात्री चालवतोय. त्याच्या डोळ्यांना सगळं सरळ दिसत होतं, कारण तोही तेवढाच कललेला. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रंका चढवल्या, भरती आली, 'लोक्की' उचलली गेली आणि सरळ झाली, तेव्हा कळलं की विएनोचे केस डावीकडे दोन बोटं आखूड झालेत. तशीच ती डंकनच्या अकरा डोक्यांसमोर उभी राहिली आणि तशीच सुवान्तोच्या धक्क्यावर उतरली.

गुरुवारी आगबोट कोपराच्या खाडीबाहेर आली, दोनदा भोंगा दिला, कुणी आलं नाही म्हणून पुढे गेली. संध्याकाळी इर्याचा रेडिओफोन आला, आणि अर्थातच तो आम्ही सगळ्यांनी ऐकला.

"आई! आगबोटीवर का नाहीस? बरी आहेस ना तू?"

"बरी आहे गं. केस तेवढे वाकडे झालेत. ते वाढेपर्यंत इथंच राहते."

"वाढेपर्यंत म्हणजे किती?"

"ते न्हाव्यावर आहे," विएनो म्हणाली.

सौनाचं छप्पर त्याच आठवड्यात सुरू झालं. पावसात, कारण दुसरं काय मिळणार? लेम्पी पाव घेऊन गेली ती या वेळी दारात अडली नाही, थेट स्वयंपाकघरात. विएनो ट्रंका उपसत होती. कोपराच्या खाडीतलं कॅलेंडर चुलीशेजारी लागलं होतं. लेम्पीची नजर कुठं जायची तिथं गेली. रविवारच्या चौकोनात दहा पन्नास. सोमवारच्या चौकोनात बारा चाळीस. मंगळवारच्या चौकोनात बारा तीस.

आता समुद्राचं पाणी रोज पाऊण-एक तासानं पुढे सरकतं हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं. मंगळवारपेक्षा सोमवारची भरती उशिरा आली असेल, तर चंद्र दारू पिऊन हिंडत होता.

"विएनो," लेम्पी म्हणाली, "रविवार बरोबर आहे."

"असेल."

"मंगळवारही बरोबर आहे."

"हो का?"

"सोमवारीच तेवढा एक तास जास्त कसा गं मिळवलास?"

विएनो किटली घासत होती. "सामान बांधायची गडबड होती," ती म्हणाली. "चूक माणसाकडूनच होते." आणि तिनं पेन्सिल उचलून कानामागे खोवली, डावीकडच्या, जिथं केस आखूड होते.

लेम्पी तशीच बाहेर गेली. ओन्नी शिडीवर होता, तोंडात खिळे, समोर नववा पत्रा.

"ए मुक्या!" लेम्पी खालून ओरडली. "तुला गंडवलं तिनं. वेळ खोटी लिहिली होती. एकतीस वर्षं पाण्यावर काढलीस आणि तुला कळलं नाही?"

ओन्नीनं तोंडातले खिळे काढून हातात घेतले. शेवाळलेल्या पत्र्यावरून एक गोगलगाय अलगद उचलून बाजूला ठेवली.

"धक्क्याला होडी बांधली तेव्हा दोर सैल होता," तो म्हणाला. "सोडताना ताठ झाला होता. पाणी हातभर उतरलेलं. गाठ निघेना."

लेम्पीचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे तुला ठाऊक होतं! मग निघालास कशाला, मेल्या?"

ओन्नीनं तिच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. मग खिळे पुन्हा दातांत धरले आणि हातोडी उचलली.

लेम्पी थोडा वेळ पावसात उभी राहिली, अजून काही पडतंय का म्हणून. काही पडेना, तेव्हा तिनं दहावा पत्रा उचलून वर दिला.